पायथ्याचं गढूळ पाणी

साहेबांनी माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं आणि सगळं पाणी माझ्या पायांवर ओतलं. म्हणाले, "हे बघा, धरण फुटलं." अख्खं ऑफिस हसलं. शिपाई माझ्याच गावचा, तोही हसला. मग साहेबांनी फडकं टाकलं माझ्यापुढे. "पूस आता." आणि मी पुसलं. गुडघ्यांवर बसून, पदर खोचून पुसलं. आठवलं की साहेबांपेक्षा माझाच राग येतो मला.

निडी स्टेशनवरून आत, डोंगराकडे आमचं गाव. गावाच्या डोक्यावर मातीचं जुनं धरण हाय. मी तिथं रोजंदारीवर. भरावावरचं गवत काढायचं, खेकड्या-उंदरांची बिळं बुजवायची आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी बघायचं. मातीचं धरण थोडं झिरपणारच. ते पाणी काचेच्या बाटलीत धरून उन्हात बघायचं. नितळ असेल तर खुशाल घरी जा. गढूळ असेल तर धरणाच्या पोटातली माती वाहून चाललीय. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या चौकीदाराने शिकवलं हे मला.

झाडांची चूक आमच्याच हातून झाली. मागे वरचे साहेब पाहणीला येणार होते. भरावावर करंज माजले होते, ते तोडायचा हुकूम आला. मी म्हटलं, मुळंही खणून काढू, खड्ड्यात मुरूम भरून धुमसाने ठोकू. तर हेच साहेब म्हणाले, "तुला कोयता दिलाय. डोकं मागितलं नाही." आम्ही गुमान बुंध्याशी तोडली, वर माती लोटली. पाहणी झोकात झाली. मुळं आत कुजली. कुजलेलं मूळ म्हणजे पाण्याला आयती नळी.

यंदा धरण भरलं आणि त्याच जागेखाली पाणी गढूळ आलं. तेच बाटलीत घेऊन गेले होते मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात.

फरशी पुसून उठले तर क्लार्कने वही पुढे सरकवली. आधीच लिहिलेलं, झिरपा नितळ. खाली सही करायची. वर्षभर मी न वाचता केली होती. साहेब म्हणाले, सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

धरणाखाली पहिली इमारत शाळेची. माझी पोरगी चौथीत. डोकं सणकलं माझं.

"नाय करत," मी म्हटलं. "खाली माझी पोरगी बसते साहेब, तुमची नाय."

पेन घेतलं. त्या ओळीखाली लिहिलं, पाणी गढूळ हाय. त्याखाली सही केली. या वेळी कुणी हसलं नाय.

काम गेलं. गावात बैठक घेतली. दुरुस्तीसाठी धरणाचं पाणी उतरवलं तर उन्हाळी भात हातचा जाईल, म्हणून काही पुरुष कुरकुरले. मी म्हटलं, भात पुढच्या साली होईल, पोरं नाय होणार. बाया उठून माझ्या बाजूला बसल्या.

काल तोच शिपाई दारात आला. साहेब परत कामावर घेतात गो, म्हणाला, वहीतली तेवढी ओळ खोड.

मी त्याला सांगितलं, नाय खोडत. उद्या आम्ही साऱ्या बाया अलिबागला कलेक्टरच्या दारात बसणार. पाणी उतरवा, भराव खणा, मुळं काढा. तोवर उठणार नाय.