बेबी आत्याचा तुरा आणि उणे बारा

गौरीचा फोन आला तेव्हा मी सोफ्यावर बसून, घराबाहेर न पडण्याचं एखादं नवीन कारण सापडतंय का ते बघत होते. २०२१चा फेब्रुवारी. रात्री नऊनंतर संचारबंदी, दिवसाला एकच पाहुणा, आणि आता वर बर्फ. गौरी म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. पहिल्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी ब्रेड भाजायला शिकले. हिने युट्रेख्टचा फ्लॅट विकला, पार उत्तरेला ड्रेंथेतल्या एका खेड्यात घर घेतलं आणि सहा कोंबड्या पाळल्या. लेकीचं बाळंतपण दोन आठवडे अलीकडे आल्यामुळे ती लायडनला निघाली होती. तीन दिवस कोंबड्या बघशील का, एवढंच विचारत होती.

मी नाहीच म्हणणार होते. पण फोन स्पीकरवर होता आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ या की."

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, त्याला अकरा महिने झाले होते. आधी विमानं नव्हती, मग विमानं होती पण मी तयार नव्हते. आइंडहोव्हनच्या चौथ्या मजल्यावर मी तिला इतकं जपलं होतं की लिफ्टचं बटण कुठल्या बाजूला आहे हेही ती विसरली असेल. तिने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी सांभाळायला सांगतंय म्हटल्यावर तिने बॅगच काढली.

ज्यांना हिवाळ्यात उत्तरेकडे जायचंय त्यांच्यासाठी: आर्नहेम, झ्वोलं करत एरवी अडीच तास लागतात, आम्हाला चार लागले. मीठ टाकलेली एकच लेन मोकळी होती. रेस्टॉरंटं बंद, त्यामुळे पेट्रोलपंपावरची कॉफी आणि आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, तेही गाडीत काचा वर करून. आई सगळा वेळ बाहेर बघत होती. झ्वोलंच्या पुढे गोठलेल्या कालव्यावर माणसं स्केटिंग करताना दिसली तेव्हा म्हणाली, "यांच्या आया घरी नसतात वाटतं."

गौरीने फ्रिजवर अकरा सूचना चिकटवल्या होत्या. पाणी गोठतं, म्हणून दोन भांडी आलटूनपालटून ठेवणे, कोमट पाणी घालणे. संध्याकाळी मूठभर मका, म्हणजे रात्रभर अंगात ऊब राहते. तुऱ्याला व्हॅसलीन, थंडीने गोठू नये म्हणून. इथवर वाचून मी हसले आणि बाकीचं तसंच ठेवलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

कोंबड्यांना गौरीने आपल्या आत्या-मावश्यांची नावं दिली होती. पांढरी, लालभडक मोठ्या तुऱ्याची, सगळ्यांना टोचत फिरणारी ती बेबी आत्या. खरी बेबी आत्या मी पाहिलेली आहे. नाव योग्य होतं. बर्ड फ्लूमुळे त्यांनाही मोकळं सोडायला बंदी होती, त्यामुळे त्या जाळीच्या छपराखाली येरझाऱ्या घालत होत्या. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. "यांना कधीपासून कोंडलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, ऑक्टोबरपासून. "चारच महिने? मग बरंय," ती म्हणाली.

संध्याकाळी उणे सहा होतं, रात्री उणे बारा होणार होतं. लाकडी खुराड्यात छताखाली दोन झडपा होत्या, त्यांतून गार वारा येत होता. आपल्या माणसाला वाऱ्याची केवढी भीती. आईने आपली लोकरी शाल दुहेरी करून एका झडपेत कोंबली, दुसऱ्या झडपेत मी माझा स्वेटर. दाराच्या फटीत जुने टॉवेल. आता कशा उबेत झोपतील, असं म्हणत आई आत आली आणि खूप दिवसांनी तिने दोनदा भात वाढून घेतला.

सकाळी दार उघडलं तर आतून ओल्या फडक्यासारखा वास आला. भिंतींवर पाण्याचे थेंब, छतावर हिमाचा पापुद्रा. पाच जणी ओलसर, वैतागलेल्या. बेबी आत्या कोपऱ्यात, पिसं फुलवून, डोळे मिटून. तुऱ्याची टोकं गोठून पांढरीफटक.

आईने तिच्याकडे बघितलं, मग त्या शालीकडे. आत जाऊन गरम पाण्यात फडकं पिळून आणलं, शेक द्यायला.

"नेई, नेई!" कुंपणापलीकडून नाही-नाही करत हाक आली. शेजारच्या त्रूसबाई, सत्तरीच्या, हातात बर्फ ओढायचं फावडं. दीड मीटरचं अंतर राखून त्यांनी आम्हाला डचमध्ये जे सुनावलं ते मी आईसाठी मराठीत करत गेले. शेक नको, चोळायचं तर अजिबात नाही. थंड खोलीत घ्या, कोरडं करा, हळूहळू ऊब मिळू द्या. आणि झडपा आत्ता उघडा. कोंबडी थंडी सोसते, तिच्या अंगावर पिसांची रजई आहे. आत कोंडलं की तिचाच श्वास तिच्या अंगावर पाणी होऊन बसतो.

मी भाषांतर करता करता मध्येच थांबले. आई म्हणाली, "थांबलीस का? मला कळलं."

मी फ्रिजकडे गेले. सातवी सूचना, लाल शाईत: वरच्या झडपा कधीही बंद करू नयेत.

धुण्याच्या मशीनच्या गार खोलीत आई स्टुलावर बसली. अंडं असलेला केक दुरूनही न घेणारी ही बाई, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर कोंबडी घेऊन. एका बोटाने तुऱ्याभोवती हलकेच व्हॅसलीन लावत होती. "मी मारलं असतं गं तिला," ती म्हणाली. "मायेने."

"मी पण," मी म्हटलं. तिने बोटावर आणखी थोडं व्हॅसलीन घेतलं.

दुपारपर्यंत काही खरं नव्हतं. गौरीला फोन करायची माझी हिंमत होईना. तिकडे नात झाली होती आणि इकडे आम्ही आत्या घालवत होतो. त्रूसबाईंनी कुंपणावर वाटाण्याच्या घट्ट सुपाचं पातेलं ठेवलं, आईसाठी मुद्दाम सॉसेज न घालता. आईने चव घेतली आणि त्याला हिंग हवा होता असं मत दिलं, पण पातेलं पुसून खाल्लं. तीनच्या सुमाराला बेबी आत्याने एक डोळा उघडला, आईच्या बांगडीकडे रोखून पाहिलं आणि टोचलं. आईच्या हातातून रक्त आलं. इतकी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

त्या रात्रीही उणे अकरा होतं. बेबी आत्याला परत खुराड्यात सोडलं आणि झडपा उघड्या ठेवल्या. सकाळी सहाही जणी कोरड्या, आणि आपापसात भांडत होत्या. जाताजाता वाटेवरचे हुनेबेड, म्हणजे प्रचंड दगडांची प्राचीन थडगी, बर्फात बघितली. तिकीट नाही, गर्दी नाही, जरूर जा.

पंधरा दिवसांनी गौरीने फोटो पाठवला. तुऱ्याची तीन टोकं काळी पडून गळली होती, बेबी आत्या त्यामुळे जास्तच खाष्ट दिसत होती. अंडी सुरू होती. गौरीला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, या हिवाळ्याच्या पहिल्या थंडीत तिनेही हेच करून पाहिलं होतं, म्हणून तर लाल शाई.

पण ते नंतरचं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात उभी होती. साडीवर माझा कोट, पायात बूट, कानटोपी, मास्क हातात. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणते म्हणाली, एकटीच. माझ्या तोंडात नेहमीची वाक्यं तयार होती: बाहेर उणे चार आहे, रस्ता निसरडा आहे, तुझं वय बघ. मी खुंटीवरची किल्ली काढून तिला दिली.

लिफ्टचं बटण तिला बरोबर आठवलं. दार बंद व्हायच्या आत तिने कोटाच्या खिशातून डबी काढली, नाकाच्या शेंड्याला बोटभर व्हॅसलीन लावलं, मास्क चढवला आणि खाली गेली.