अंगठ्याचा ठसा

थोरल्या भावानं टाकसाळीत आगाऊ पैसे भरून चांदीचं एक स्मारक नाणं मागवलं होतं. अशी नाणी मोजकीच काढतात, म्हणून पोरीच्या लग्नापर्यंत भाव चढेल, हा त्याचा हिशोब. वहिनी म्हणायची, "दुकानात चालत नाय, आन् म्हणं लग्न करणार!"

तरी धनत्रयोदशीला तो ते डबीतून काढायचा, चिंचेनं घासायचा आणि पुजायचा. शेवटच्या दिवाळीला हातात जोर नव्हता. नुसतं धरून बसला आणि परत ठेवलं. तो गेल्यावर डबी कुणी उघडली नाही.

पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा मी नाणं घेऊन पुण्याला गेलो. व्यापाऱ्यानं भिंग लावलं.

"घासलंय, काका. झिलई गेली. चांदीच्या भावानं घेईन."

"न घासता ठेवलं असतं तर?"

"तरी फार नाही. मोजकी काढली, पण ज्यानं घेतली त्यानं जपूनच ठेवली. घेणारे त्याहून मोजके. आणि हा अंगठ्याचा डाग आता निघायचा नाही."

गावी बेल्ह्याला परत येऊन वहिनीला आकडा सांगितला, डागही दाखवला. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवला. ठसा चहूबाजूंनी बाहेर उरला.

"त्यांचाच हाय," ती म्हणाली. "नका इकू, भाऊ. लग्नाचं बघू कायतरी."

लग्न कर्जावर झालं. नाणं आता कुणी घासत नाही. धनत्रयोदशीला वहिनी डबी उघडते, तेव्हा ठसा आदल्या वर्षीपेक्षा काळा झालेला असतो.