दातणाचा लाल रुमाल
दारच्या कडुनिंबाचा कडू वास आला, की बऱ्हाणपूरच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. पायात रक्ताची गाठ झालेली, म्हणून रक्त पातळ करायची सुई रोज पोटात टोचत. हिरड्यांतून रक्त येईल म्हणून दातणाला मनाई होती, तरी मी चोरून कडुनिंबाच्या काडीनं दातण केलं अन् तोंड पुसलेला रुमाल लाल झाला. दुसऱ्या दिवशी फोपनारला घरी जायचं होतं, म्हणून रुमाल बघून विचारणाऱ्या नर्सबाईला ठोकून दिलं, "पान खाल्लं." ती हसली, "बाबा, वॉर्डात पान कुणी लावून दिलं? तोंड उघडा." हिरड्या बघून तिनं भरलेली सुई बाजूला ठेवली, डॉक्टरला बोलावलं. मी विचारलं, "रक्तात पाणी मिसळता काय?" नर्सबाई म्हणाली, "नाही हो. रक्त तेच, फक्त गोठायला वेळ लागतो. लपवलं तर वाहत राहील." जन्मभर कुणाला दुखणं सांगितलं नव्हतं मी. आता मऊ ब्रशनं दात घासतो, अन् थुंकीत लाल दिसलं की सुनेला हाक मारतो.