नकाशाचं कुंपण

परवा दुपारी मी आमच्या गेमच्या सर्व्हरला कुंपण घालायला बसले... आणि तेव्हापासून जीव नुसता वर-खाली होतोय.

आम्ही काही भावंडं आणि मित्र मिळून ठोकळ्यांची घरं बांधायचा एक गेम ऑनलाइन खेळतो. सर्व्हर मी सांभाळते, कामोठ्याच्या घरातून. यात जितकं लांब चालत जाल तितका नकाशा वाढत जातो... आणि आमची मंडळी चालतच सुटतात. जागा भरत आली, गेम अडकायला लागला, ग्रुपवर माझ्या नावाने बोंबाबोंब सुरू झाली.

मग ठरवलं, मधल्या भागाला कुंपण घालायचं, बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. ग्रुपवर मुदत घालून दणक्यात नोटीस टाकली आणि पुसण्याआधी कडेकडेने एक चक्कर मारली.

पार टोकाला एक गाव निघालं. कौलारू घरं, देऊळ, पायऱ्यांची विहीर, खाडीकडे जाणारा बांध... मी चमकलेच. हे माझ्या मावशीचं गाव, विमानतळासाठी उठवलेलं. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्यात.

बांधणारा मावशीचा मुलगा, नरेशदादा. कळंबोलीत ट्रेलरच्या लोडिंगवर असतो, खेळताना कधी कोणाशी बोलत नाही. आम्ही त्याला 'हरवलेला' म्हणून चिडवायचो.

लगेच फोन लावला. बोलताना खोलीभर फेऱ्या मारत होते. "दादा, एवढ्या लांब कशाला बांधलंस रे?"

"म्हनलं, येवढ्या लांब तरी कोन उठवाला येनार नाय."

मी घाईघाईत सांगून टाकलं की काळजी करू नकोस, अख्खं गाव उचलून कुंपणाच्या आत आणते, एक कौल इकडचं तिकडे होणार नाही, जागापण चांगली देते...

तो हसला. "गो बाय, आमाला पन असाच सांगितलेला."

फोन ठेवल्यावर लॅपटॉपसमोर बसवेना. चहा टाकला, तो उतू गेला, परत येऊन बसले, परत उठले. स्वतःचीच नोटीस वाचली आणि फार लाज वाटली.

शेवटी कुंपणाचा मध्य उचलला आणि दादाच्या विहिरीवर ठेवला. आत ते गाव... आणि बाहेर आम्ही सगळे, माझ्या तीन मजली बंगल्यासकट.

आता जो तो आपलं घर उचलून नव्या जागेवर आणतोय. कोणाचं दार भलतीकडे आलंय, कोणाला शेजार पटत नाही, ग्रुपवर भांडणं चालूच आहेत. माझ्या खिडकीतून आधी डोंगर दिसायचा, आता कोणाची तरी भिंत दिसते. खोट्या घरासाठी एवढा जीव तुटेल असं वाटलं नव्हतं.

काल दादा चॅटवर पहिल्यांदाच बोलला. "घर होये परेंत आमचे ओटीवर बसा."

बसलोय सगळे. थँक यू, दादा.