उपाशी आतडं

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कोकिळाबाई कापसातला कचरा वेचायच्या. तिथल्या बायकांच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून सगळ्याजणी दिवसभर पोट रिकामंच ठेवायच्या. सकाळी चहा, दुपारी चहात बुडवलेला टोस, बस. घरी येईपर्यंत भूक मेलेली असायची. नवरा किसनराव ऑटो चालवायचे. ते विचारायचे, "भाकर काहून नाई खात तू?" त्या विषय बदलायच्या.

शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा मूळव्याध समजून त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. पुढे पोट फुगून टणक झालं, उलट्या थांबेनात. यवतमाळला नेलं, तर मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आतड्याचं वरचं टोक पोटावर आणून तिथे शौच जमायला पिशवी लावली. खालचा तुकडा आत तसाच बंद राहिला. केमो संपल्यावर जोडू, असं ठरलं.

वास येईल या धास्तीने त्या विहारात जाईनात. कोणाच्या लग्नाला नाहीत, तेरवीला नाहीत. पिशवी किसनरावच रिकामी करायचे, भोवतालची सोललेली कातडी ओल्या फडक्याने टिपायचे.

काही महिन्यांनी खालून पुन्हा रक्त आणि शेंबडासारखं चिकट जायला लागलं. "परत आला वाटते," त्या मुलीला, अपेक्षाला म्हणाल्या. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं.

"मावशी, इथे गाठ नाही. हे आतडं उपाशी आहे."

"उपाशी? रोज तं जेवतो मी."

"जेवलेलं पिशवीत येतं, खाली पोचतच नाही. भाकरी-डाळीचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्याचं आम्ल करतात. आतड्याचं अस्तर त्या आम्लावर जगतं. ते मिळालं नाही की सुजतं, रक्त येतं. जोडलं की बरं होईल."

कोकिळाबाईंनी पिशवीच्या खाली, ओटीपोटावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "जिनिंगमंधी इतके वर्स टोसावर काढले. तवाबी त्याले उपाशीच ठेवलं म्या. त्याच्यानंच गाठ झाली का?"

"एका कारणाने नाही होत, मावशी. स्वतःला दोष देऊ नका."

जोडण्याआधीच्या तपासणीत यकृतावर डाग दिसले. रोग पसरला होता. आतडं जोडायचं राहूनच गेलं.

त्यानंतर एका दुपारी त्यांनी किसनरावांना ऑटो जिनिंगवर न्यायला लावला. बायका भोवती जमल्या. इतके दिवस कोणाला दिसू न दिलेली पिशवी त्यांनी पदर बाजूला करून दाखवली.

"पाहा व. मालकाले दार मागा, भांडा, पण पोट नका मारू."

जुनी सोबतीण तुळसाबाई रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी बायका एकजुटीने काम सोडून बसल्या आणि महिन्याभरात संडासाला पत्र्याचं दार लागलं. तोवर कोकिळाबाईंना उठवत नव्हतं.

शेवटी शेवटी पाणीही जाईना. एकदा अपेक्षाने ज्वारीची भाकर दुधात कुस्करून आणली. त्यांनी घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला, आणि गिळता येईना म्हणून मुलीच्या ओंजळीत टाकला.

"गोड लागली," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या गेल्या. किसनरावांना सवयीने सकाळी जाग यायची. ते फडकं ओलं करायचे, आणि मग ते हातात धरून रिकाम्या खाटेजवळ बसून राहायचे.