चाकांची झाकणं

चहा असो, भाजलेलं बोट असो की बसचा तापलेला ब्रेक, मिस्त्री आधी फुंकर मारायचे. म्हणून अख्खं गाव त्यांना फुंकर मिस्त्री म्हणे. घाटाच्या पायथ्याशी त्यांचं तीन भिंतींचं गॅरेज. चौथी भिंत का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "दाराची कटकट मिटली!"

काय दिवस होते ते! मेहुण्याला घाटातली बस मिळाली, तेव्हा मिस्त्रींनी पंधरा दिवस पत्रा ठोकून चार चाकांना चार झाकणं केली. आरशासारखी लखलखीत. मेहुणा त्यात बघूनच भांग पाडायचा.

महिनाभरातच तो तोंड पाडून आला.

"दाजी, शेवटच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! करपल्याचा वास. कशीबशी दरडीला घासून थांबवली."

"माणसं?"

"सुखरूप."

मिस्त्रींनी ब्रेकचे पट्टे बदलले, तेल बदललं. चार दिवसांनी पुन्हा तेच. बायकोने भावाला निक्षून सांगितलं, "बस सोड. मला भाऊ एकच आहे." तो रडकुंडीला आला. स्टिअरिंगशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी ठरलं: रिकामी बस हळूहळू घाटातून उतरवायची, कारण सापडलं नाही तर किल्ली परत. बायको हट्टाने सोबत बसली.

खाली पोचल्यावर मिस्त्रींनी एक झाकण काढलं. बायकोने बाटलीतलं पाणी बोटांनी आतल्या ब्रेकच्या ड्रमवर शिंपडलं, भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं. चर्रर्र! थेंब टिकलाच नाही.

"अहो, तव्यावर झाकण ठेवल्यावर तो निवणार कसा?"

"कसलं झाकण?" मिस्त्री म्हणाले आणि हातातल्या चकतीकडे बघतच राहिले. त्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. जगाला फुंकर मारणाऱ्याने चाकांचाच वारा अडवला होता!

"पंधरा दिवस ठोकली होती गं..." एवढंच पुटपुटले.

त्याच संध्याकाळी त्यांनी तीन झाकणं कापून चार पसरट नरसाळी केली आणि वाऱ्याकडे तोंड करून चाकांजवळ बसवली. बस पळाली की वारा नरसाळ्यातून थेट ड्रमवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिघं घाट उतरले. बायकोने पाणी शिंपडलं. थेंब क्षणभर बसला, मग सावकाश सुकला.

तिने चारही चाकांवर शिंपडून पाहिलं आणि मगच भावाच्या हातात किल्ली ठेवली. "जा. पण हळू."

पुढे बावीस वर्षं त्याने तो घाट उतरला. चौथं झाकण बायकोने माठावर ठेवलं. परवापर्यंत मेहुणा आला की पाणी नंतर प्यायचा, आधी झाकण उचलून त्यात भांग पाडायचा. आता डोक्यावर केसच उरले नाहीत, तरी झाकण उचलतोच.