पाण्यापासून वीतभर

रिक्षात बसल्या की मॅडम आधी हात बाहेर काढायच्या. तळवा आडवा धरायच्या, किंचित तिरका करायच्या, आणि वाऱ्यानं हात आपोआप वर जायचा. "बघा भाऊसाहेब, उचलतंय की नाही?" मला विचारायच्या. रिक्षावाला ओरडायचा, "हात आत घ्या ओ!" त्या घ्यायच्या, आणि पुढच्या चौकानंतर हात पुन्हा बाहेर.

आमच्या कॉलेजात त्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या, मी ऑफिसात क्लार्क. दोघंही जुळे सोलापूर भागात राहायचो, म्हणून रिक्षा एक. त्यांचं वय पंचेचाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून घरात एकट्या. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसतात आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. मलाही नव्हतं, एका शनिवारी त्यांनी मला घरी नेईपर्यंत.

हॉलमध्ये सोफ्याच्या जागी एक फळी उलटी पडली होती. प्लायवुडची, आत थर्माकोल. तिच्या पोटातून अॅल्युमिनियमचा कमरेइतका खांब निघालेला, आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे सागवानी पंख, वरून फायबरचा लेप दिलेले.

"पंख पाण्याखाली राहतात. वेग आला की ते अख्खी फळी पाण्याच्या वर उचलतात, माणसासकट. मोबाइलवर बघितलं मी. समुद्रात लाटांवर जातात माणसं."

"आपल्याकडं कुठला समुद्र?"

"उजनी आहे की."

मग दर रविवारी सकाळच्या गाडीनं जेऊर. फळी चादरीत गुंडाळलेली. तिकीट तपासनीस विचारायचा, हे काय? मॅडम गंभीरपणे सांगायच्या, "इस्त्रीचं टेबल." जेऊरहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं धरणाकाठी. तिथं दत्तू नावाडी पक्षी बघायला येणाऱ्यांना इंजिनाच्या होडीतून फिरवायचा. होडीला दोर, दोराच्या टोकाला नारिंगी जॅकेट घातलेल्या मॅडम. मी होडीत मागं तोंड करून बसायचो. त्या पडल्या की हात वर करायचा, एवढंच माझं काम. मला पोहता येत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुम्हाला कुठं पोहायचंय? तुम्ही फक्त बघा," त्या म्हणाल्या.

सात-आठ रविवार त्या नुसत्या पडत होत्या. दत्तू म्हणायचा, "मॅडम, लई पानी पिलं. आता घरला चला." आणि एका रविवारी फळी वर आली. पाण्यापासून वीतभर, मग हातभर. पाण्याची खळखळ एकदम थांबली. दत्तू मान वळवून ओरडला, "उडाल्या की वो मॅडम!" काठावर केळीला पाणी देणारी बाई खोरं टाकून बघत राहिली.

त्यानंतर मॅडमना दोरही नकोसा झाला. होडीमागं जी लाट उठते तिच्यावर, दोर सोडून, नुसतं जायचं होतं. दिवाळीनंतर ते जमलं. दहा सेकंद असतील. गुडघे वाकवून त्या आमच्या मागून आपल्या आपण येत होत्या. होडीत चढल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, कुणीच ओढत नव्हतं मला."

उन्हाळा लागला तसं धरणाचं पाणी उतरलं. दत्तू म्हणाला, "आता बास करा, मॅडम. खाली जुनं गाव हाय. भिंती वर आल्यात." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "एकदाच," त्या म्हणाल्या. मला नको म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही.

पंख भिंतीला अडकला तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मॅडम पुढं फेकल्या गेल्या, फळी त्यांच्यावर उलटली आणि पंखाची कड गुडघ्यामागं खोल घुसली. मी हात वर केला. दत्तूनं लाल पाणी बघितलं आणि इंजिन हळू करून तशीच उडी मारली. बंद करायचं त्याला भान राहिलं नाही.

होडीत मी एकटा, आणि होडी चालूच. इंजिन कुठून बंद करतात हे इतक्या रविवारांत मी कधी विचारलंच नव्हतं. इंजिनाचा दांडा ओढला, तर होडी आणखी लांब वळली. नारिंगी ठिपका लहान लहान होत गेला. मी "मॅडम, मॅडम" ओरडत होतो. दुसरं काही येतच नव्हतं मला. शेवटी होडी चिखलात रुतली, तेव्हाच थांबली.

दत्तूनं मॅडमना पोहत काठाला आणलं, आपल्या टॉवेलनं त्यांचा पाय करकचून बांधला आणि केळीच्या पिकअपमधून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण नस तुटली होती. पाऊल कायमचं लुळं पडलं.

मी रोज दवाखान्यात जायचो आणि खुर्चीत बसून राहायचो. एकदा न राहवून म्हणालो, "मला काहीच करता आलं नाही."

"तुम्ही काय करणार होतात?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जूनमध्ये त्यांचे भाऊ त्यांना बेळगावला न्यायला आले. नोकरी सोडून झाली होती, सामान पुढं गेलं होतं. मॅडम काठी टेकत आल्या, गाडीत बसल्या, मग आपलाच पाय दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरला आणि एखादी जड पिशवी ठेवावी तसा आत ठेवला.

"येते, भाऊसाहेब."

निदान दार तरी लावावं म्हणून मी पुढं झालो. ते त्यांनी आतून ओढून घेतलं होतं.